गाठ माझ्याशी आहे!

“ताई, मी ह्यांच्या डब्यात जेवले, तर ह्यांना टीबी होईल का?”

मित्रांनो, हा प्रश्न राजलक्ष्मीला तिच्या मैत्रिणींनी विचारायला लावला होता. डाळजच्या आरोग्य उपकेंद्राच्या दारात छकुली आणि तेजश्री तिला म्हणाल्या, “कबड्डीत एवढी वरडतीस, मग हे इचार की! हाय का डेरिंग?” राजलक्ष्मीनं विचारून टाकलं. आवाज खणखणीत होता, पण हातावरची बाही ती खाली ओढून धरत होती. मला बरोबर ठाऊक आहे, कारण त्या वेळी मी त्याच हातात होते.

मी राजलक्ष्मीच्या अंगाची राखण करणारी एक जुनी टी पेशी आहे. टी म्हणजे चहा नाही बरं का, आणि टीबीतला टीसुद्धा नाही! छातीच्या हाडामागं थायमस नावाची छोटीशी ग्रंथी असते, ती आमची शाळा. शाळेचं पहिलं अक्षर आम्ही आयुष्यभर नावात मिरवतो. शाळा मात्र भयंकर कडक! जी आपल्याच शरीरावर हात उगारील, ती तिथंच नापास. शंभरातल्या दोन-चार जणीच पास होऊन बाहेर पडतात. त्यातली एक मी!

पास झाले खरी, पण काम मिळेना. आमच्यातल्या प्रत्येकीला एखाद्याच शत्रूची खूण पटते. माझ्या वाट्याला टीबीचा जंतू आला होता, आणि तो तर कधी दिसतच नव्हता. मी आपली राजलक्ष्मीच्या रक्तातून नुसती हिंडत राहिले. ती वाढत होती, भिगवणची चिलापी मासळी काटे काढून चाटूनपुसून खात होती, आणि तिच्या जिवावर मीही मजेत होते.

मग मागच्या वर्षी तिचे आजोबा, म्हणजे नाना, खोकायला लागले. “पेरूच्या बागेतला धुरळा हाय, जाईल,” असं म्हणत त्यांनी तो खोकला अंगावर काढला. राजलक्ष्मी त्यांच्या शेजारीच बसून अभ्यास करायची. एक दिवस त्या हवेतून जंतू तिच्या फुप्फुसात उतरला. तिथल्या एका पहारेकरीण पेशीनं त्याचा तुकडा उचलला आणि आमच्या चौकीत आणून एकेकीपुढं धरला. कुणाला ओळखता येईना. माझ्यापुढं आला आणि मी ताडकन उभीच राहिले. हाच तो!

अहो, काय सांगू तो आनंद! मी एकटी होते, त्या एकीच्या आम्ही हजारो बहिणी झालो. फुप्फुसात जंतू गिळणाऱ्या दांडग्या पेशी असतात, पण टीबीचा जंतू असा चिवट, की त्यांच्याच पोटात घर करून बसतो. आम्ही धावत जाऊन त्यांना जोर दिला. पुष्कळ जंतू मेले. उरलेल्यांभोवती सगळ्यांनी मिळून भिंत घातली, आणि ते आत झोपी गेले. लढाई संपली तशा माझ्या बहुतेक बहिणी गुपचूप मरून गेल्या. आठवण ठेवायला आम्ही थोड्याच मागं राहिलो. त्या गेलेल्यांचे उपकार मी विसरणार नाही. विसरणं माझ्या रक्तातच नाही!

पुढं नानांची तपासणी झाली, टीबी निघाला. त्यांनी एकही गोळी न चुकवता औषध पुरं केलं आणि ते ठणठणीत झाले. त्यांचेही आभार मानते, कारण घरातला जंतूंचा उगमच त्यांनी बंद केला.

नाना बरे होत असतानाच आरोग्यसेविका रतनताई घरी आल्या होत्या. “घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची,” असं म्हणत त्यांनी राजलक्ष्मीच्या हातावर कातडीखाली थेंबभर औषध टोचलं. त्यात टीबीच्या जंतूचे निरुपद्रवी तुकडे होते. पण मला कुठं माहीत! मी धावत सुटले. आलास का परत? थांब, आता गाठ माझ्याशी आहे! माझ्या सगळ्या बहिणी तिथं गोळा झाल्या, आणि दोन दिवसांत हातावर चांगली टणक, लाल गाठ उठली.

मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. राजलक्ष्मीनं ती गाठ बघितली आणि मोरीत जाऊन रडली. मित्रांनो, तेव्हा मला फार वाईट वाटलं. माझं सगळ्यात चांगलं काम तिला आजार वाटलं होतं.

म्हणूनच उपकेंद्रात तो प्रश्न ऐकून मीही जीव मुठीत धरून थांबले. रतनताई खळखळून हसल्या. “अगं, टीबी डब्यातनं पसरत न्हाय. आजारी माणूस खोकला की हवेतनं पसरतो. आन् तुला आजारच न्हाय! एक्स-रे साफ हाय. ही गाठ म्हणजे तुझ्या अंगानं त्या जंतूला ओळखलंय.”

“मग ह्या गोळ्या कशाला देताय?” ताईंनी पुढं केलेलं पाकीट बघत राजलक्ष्मीनं विचारलं.

“जंतू झोपलाय, मेला न्हाय. आज पहारा जागा हाय. उद्या तू अशक्त झालीस, पहारा दमला, की तो उठंल. म्हणून झोपेतच मारायचा.”

दारातून छकुली ओरडली, “मंग उद्या चिलापी आण गं डब्यात!” “आन् काटे तूच काढ,” तेजश्रीनं वर टोला हाणला. राजलक्ष्मी हसली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

ताईंचं बोलणं खरं होतं. मी ओळखू शकते, भिंत राखू शकते, पण जन्मभर एकटी जागू शकत नाही. मित्रांनो, आठवण ठेवायचं काम आमच्यावर सोडा. तुम्ही पोटभर जेवा, खोकला अंगावर काढू नका, आणि औषध सुरू केलं की मधेच सोडू नका. एवढं केलंत तर आम्ही जन्माच्या ऋणी राहू.

संध्याकाळी पप्पा लोणी देवकरच्या कंपनीतून आले, तेव्हा घरात वाद पेटलेला होता. आई म्हणत होती, “आजार न्हाय तर गोळ्या कशाला? गाव म्हणंल, पोरीला टीबी हाय.” पप्पा हळूच म्हणाले, “घ्यायच्याच तर गुपचूप घे. रतनताईंना म्हणावं, गोळ्या द्यायला याल तवा स्कूटी मागच्या बोळात लावा.” नाना मान खाली घालून बसले होते. “माझ्यामुळंच सगळं,” एवढंच ते पुटपुटले.

राजलक्ष्मी नानांना खेटून बसली. तिनं बाही वर सारली. मी तिथंच होते, आणि या वेळी तिनं ती पुन्हा खाली ओढली नाही.

“नाना, मान वर करा बरं. आई, पप्पा, हे बघा, माझ्या अंगानं माझी राखण केलीया, त्यात लपवायचं काय? गोळ्या मी घेणार, शेवटच्या गोळीपर्यंत घेणार. आन् ताईंना मी सांगून आलीय, स्कूटी आमच्या दारातच लावायची!”