फुकट ट्रामचा पत्ता

आमच्या इंद्रेकचं वागणं मला पटत नाही, पोटचा असला म्हणून काय झालं. गुरुवारी संध्याकाळी फेरीबोटीतून बेटावर उतरतो, तो बुधवारी सकाळी हलतो. पाच दिवस माझ्या हातचं जेवतो, माझ्या सौनाच्या तापलेल्या खोलीत घाम गाळतो, धुरावलेले मासे शेपटीसकट फस्त करतो. नाव मात्र राजधानीच्या, टालिनच्या रहिवाशांत. का, तर तिथल्या रहिवाशाला ट्राम फुकट! आठवड्यात दोन दिवस बसणार हा त्या ट्राममध्ये.

त्यातून अर्थखात्यातला साहेब. लहान गावांचं उत्पन्न कसं वाढवावं यावर जाडजूड अहवाल लिहितोय, तोही माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझे बटाटे बाजूला सारून.

माझी शाळा अर्धीच झाली, पण एवढं मला कळतं. वर्ष संपताना माणसाचं नाव जिथे, तिथल्या पंचायतीला त्याच्या पगारावरच्या कराचा वाटा. यंदा पंचायतीने सांगून टाकलं, बर्फ लोटणारी गाडी चर्चच्या चौकापर्यंतच येईल. पुढच्या आमच्या सात घरांसाठी पैसे नाहीत. दहा नवी नावं लागली तर बघू. या सात घरांत सगळ्यात तरुण आमची शेजारीण मीलिया, वय एकाहत्तर. रस्ता बुजला की ना डॉक्टर, ना पाव. उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्यांना फोन कर-करून मी नऊ नावं लावून घेतली. दहाव्यासाठी घरातच अडलं.

"आई, जानेवारीत बघतो ना."

"जानेवारीत वर्ष उलटलेलं असतं, साहेब."

"मग हिवाळाभर माझ्याकडे राहायला ये."

"आणि मेंढ्या? तुझ्या बाल्कनीत बांधू?"

शेवटी एकतीस डिसेंबर उजाडला. दुपारी इंद्रेकचा फोन, चौकाच्या पुढे गाडी घसरून चरात गेली म्हणून. मी ट्रॅक्टर काढला. तीस वर्षं सामुदायिक शेतीवर तोच चालवलाय. दोर बांधला, वर चढून बसले आणि इंजिन बंद केलं.

"आई, ओढ ना!"

"आधी नाव."

"ही दादागिरी झाली!"

"अहवालात लिही तसं."

बोटांवर फुंकर घालत त्याने फोन काढला. सरकारी नोंदणीत बराच वेळ काहीबाही दाबत होता.

"आता घरमालकाची संमती मागतंय."

"घरमालक कोण?"

"तू."

"मग नीट माग."

"आईसाहेब, आपल्या घरात माझं नाव लावायची परवानगी द्यावी." ओठ निळे पडले होते, तरी हसत होता गुलाम.

मी माझ्या फोनवर संमतीचे गुप्त आकडे दाबले. झाली दहा नावं. इंद्रेक लगेच गाडीत शिरला, दार लावलं, हीटर चालू केला आणि मला हाताने खूण केली, चल, ओढ.

मी खाली उतरले आणि काचेवर टकटक केलं.

"बाहेर ये. पाहुणा असतास तर ओढून काढलं असतं. आता इथला झालास. ढकल."