मधल्या सिलिंडरचे दुखणे

मंगळवारी सकाळी परीक्षक येणार होते, आणि शनिवारी दुपारी माझ्या सासऱ्यांची नाव धक्क्याला बांधलेली असून तिचे इंजिन पांढऱ्या धुराखेरीज अन्य काहीही उत्पन्न करीत नव्हते.

ही परीक्षा माझ्या मेहुणीची होती. गेली सहा वर्षे ती वडिलांच्या हाताखाली दोर टाकणे, प्रवाशांना हात देऊन चढवणे, सुकाणू धरणे ही सर्व कामे करीत आली होती. आता तिला चालकाचा परवाना हवा होता. नियम असा की परीक्षा स्वतःच्याच नावेवर द्यावी, आणि वीस माणसे घेऊन ओहोटीच्या धारेविरुद्ध पैलतीर गाठावा. सासऱ्यांचा स्वतःचा परवाना वयोमानानुसार या वर्षअखेर संपत होता. मेहुणीची ही संधी हुकली, तर पुढील परीक्षा वर्षभराने. तोवर नाव धक्क्यालाच शेवाळ धरीत बसणार, हे उघड होते.

म्हणून मला पाचारण करण्यात आले. मी व्यवसायाने इंजिन-मिस्त्री असून सदर इंजिन, तीन सिलिंडरचे आणि वयाने माझ्याहून थोरले, मला पूर्णपणे परिचित आहे.

सासऱ्यांनी प्रारंभीच निदान सांगून टाकले: डिझेलात पाणी. मी डिझेल काचेच्या बरणीत काढून पाहिले, ते स्वच्छ होते. मग त्यांनी हवेच्या गाळणीवर संशय घेतला, तद्नंतर बॅटरीवर. मी इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाकडे हात नेला की त्यांना माझ्यासाठी चहा सांगण्याची आठवण होई. चार पेले झाले. त्या वेळी मी यास केवळ जावयावरील माया समजलो.

शेवटी मी इंजेक्टर काढून त्यांच्या जागी दाब मोजण्याचे गेज लावले आणि मेहुणीस स्टार्टर फिरवावयास सांगितले. पहिल्या सिलिंडरचा दाब अठ्ठावीस, तिसऱ्याचा सत्तावीस, आणि मधल्याचा अवघा चौदा. ज्या सिलिंडरात हवा नीट दाबली जात नाही, तेथे डिझेल पेट घेत नाही. ते अर्धवट जळून धूर होऊन बाहेर पडते. मी कपाळावरचा घाम पुसून गंभीरपणे घोषित केले की मधल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या असून इंजिन संपूर्ण खोलावे लागेल, आणि त्यास किमान आठवडा लागेल.

मेहुणी अत्यंत नम्रपणे म्हणाली, "भावोजी, त्या रिंगा गेल्या वर्षी तुम्हीच घातल्या होत्या ना?"

घाईने बोलून गेलो होतो, हे मला मान्य करावे लागले. योग्य पद्धत अशी की प्रथम सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा दाब मोजावा. रिंगांतून हवा निसटत असेल, तर ते तेल फटी तात्पुरत्या बुजवते आणि गेजची सुई वर चढते. मी तेल सोडले. सुई तसूभरही हलली नाही. म्हणजे रिंगा निर्दोष होत्या, आणि मी रोग रेड्याला नि औषध पखालीला असा प्रकार करणार होतो. सिलिंडरांवरील लोखंडी ठोकळ्याच्या, म्हणजे हेडच्या, खालील गॅसकेट फाटले म्हणावे, तर शेजारच्या दोन्ही सिलिंडरांचा दाब शाबूत होता आणि थंड करणाऱ्या पाण्यात बुडबुडे नव्हते. उरला केवळ व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरात हवा घेणारी नि धूर सोडणारी झडप.

"झाकण काढतो," मी म्हणालो.

"चहा?" सासरे म्हणाले.

झाकण काढले. व्हॉल्व्हच्या डोक्यावर त्यास दाबणारा रॉकर असतो, आणि व्हॉल्व्ह मिटलेला असताना त्या दोहोंत कागदाएवढी फट ठेवावी लागते; इंजिनाची टकटक, म्हणजे टॅपेटचा आवाज, त्या फटीपायीच होतो. मधल्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हवर माझी फट मोजण्याची सर्वांत पातळ पाती देखील शिरेना. तो व्हॉल्व्ह कधीच पूर्ण मिटत नव्हता. दाराला पाचर लावून ठेवावी तसा किंचित उघडाच राहत होता. फट कमी-जास्त करण्याच्या स्क्रूच्या नटावर ताजे, चकचकीत ओरखडे होते, आणि ते नटाच्या मापाहून मोठ्या पान्याचे होते. असा पाना त्या धक्क्यावर एकाच गृहस्थांकडे आहे. ते गृहस्थ एवढ्यात नावेचा दोर तपासण्यासाठी पुढे निघून गेले होते.

मेहुणीने ओरखडे पाहिले, दोर तपासणाऱ्या पाठमोऱ्या वडिलांना पाहिले, आणि बोलावले. ते आले. हळूहळू सर्व उलगडा झाला. हे परीक्षक कानाचे तिखट असल्याचे त्यांना कोणीतरी सांगितले होते. इंजिन तर जन्मापासून टकटक करणारे. आवाजापायी पोरीचे गुण कापू नयेत म्हणून आठ दिवसांपूर्वी त्यांनी तो टकटकणारा स्क्रू अर्धा आटा पिळून टाकला होता, आणि इंजिन कसे मुके झाले याचा आनंद एकट्यानेच उपभोगला होता.

"मामा, कान सोनारानेच टोचावेत," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "सोनाराला चारदा चहा पाजला. त्याने आधी रिंगा सांगितल्या."

मेहुणी हसता हसता इंजिनाच्या पेटीवर बसली. परंतु तिचे डोळे ओले झाले होते, आणि ते केवळ हसण्याने नव्हे, असे माझे मत आहे.

मी फट योग्य केली, तरी दाब एकोणीसच्या वर जाईना. आठ दिवस त्या फटीतून तप्त वायू निसटून व्हॉल्व्हची कड भाजली होती. हेड उतरवून व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर घासणे प्राप्त होते. हे काम हाताचे आहे: कडेला घासण्याचा मलम लावून, व्हॉल्व्हला चिकटवलेली काठी दोन तळव्यांमध्ये फिरवत राहावयाचे. ती काठी मी सासऱ्यांच्या हाती दिली.

रविवारचा संपूर्ण दिवस ते घासत होते. मेहुणी दर तासाने येऊन, बाबा, लोणी आलं का, असे विचारून जाई. ते तिच्याशी बोलणे टाळत. पण संध्याकाळी कडेभोवती सलग करडे वर्तुळ उमटले, तेव्हा त्यांनी ते तिलाच आधी दाखवले. मी वरून रॉकेल ओतून पाहिले. थेंबही झिरपला नाही. सोमवारी नवे गॅसकेट घालून हेडचे नट मधून कडेकडे क्रमाने आवळले. त्या वेळी सासऱ्यांनी दोन्ही हात स्वतःहून पाठीमागे धरले होते. मधल्या सिलिंडरचा दाब सत्तावीस भरला, आणि इंजिन सुरू होताच पुन्हा टकटकू लागले. सासऱ्यांनी डोळे मिटून ते सहन केले.

मंगळवारी मी व ते धक्क्यावर उभे होतो. वीस माणसे चढल्यावर, नाव सुटण्यापूर्वीच परीक्षकांनी कान टवकारून विचारले, हा आवाज कसला?

"टॅपेटचा, साहेब," मेहुणी म्हणाली. "तो आहे तोवर व्हॉल्व्ह मिटतोय. थांबला तर घाबरायचं."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. मध्यधारेत पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद करावयास लावले. नाव ओहोटीबरोबर आडवी सरकू लागली, आणि सासऱ्यांनी माझे मनगट असे धरले की बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले. मग एकदाच स्टार्टरचा आवाज आला, आणि इंजिन सुरू झाले. धूर पातळ, जवळजवळ न दिसणारा. नाव वळली आणि धारेच्या तोंडावर चढत पैलतीरी लागली.

परत येताना परीक्षक हसत होते, यावरून निकाल आम्हांस कळला. मेहुणीने नाव अलगद टेकवली. सासरे पुढच्या फेरीच्या प्रवाशांमागोमाग चढले आणि सवयीने सुकाणूकडे निघाले.

"बाबा, पुढे वजन होतंय," ती म्हणाली. "मधल्या बाकावर बसा."

ते वळले आणि एका वृद्ध प्रवाशाला, जरा सरका, अशी विनंती करून मधल्या बाकावर बसले.