घास भरवण्याची तालीम

साहेब वर्षाचे होत आले. साहेब म्हणजे आमचा मुलगा. कशाचीच घाई नाही, म्हणून साहेब. त्याच्या बुद्धीची वाढ हळू होणार, हे डॉक्टरांनी सांगितलं त्याला बरेच महिने झाले. तेवढ्या काळात इतरांकडून आम्हाला भरपूर माहिती मिळाली. शेजारच्या काकूंनी बदाम सांगितले. फोनने जगातले सगळे आजार सांगितले. माझी आई म्हणाली, "तूही उशिराच बोललास. आणि बोलून तरी काय दिवे लावलेस?"

एकच गोष्ट कुणी सांगत नव्हतं. साहेब घास जिभेने बाहेर ढकलायचे. निम्मा माझ्या शर्टावर, निम्मा बायकोच्या हातावर. वजन वाढायचं थांबलं होतं. त्याला भरवायचं कसं?

डॉक्टरांना विचारायचं, एवढं सोपं होतं. पण त्या खोलीत शिरलं की आमची बोबडी वळायची. "खातो ना नीट?" असं त्यांनी विचारलं की आम्ही दोघं एका सुरात "छान" म्हणायचो आणि बाहेर येऊन एकमेकांवर खेकसायचो.

म्हणून घरी तालीम सुरू केली. मी बाप, बायको डॉक्टर. ती नोकरीत फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकते. माणसाला न दुखवता कटवणं हेच तिचं पोटापाण्याचं काम. तिने अशी डॉक्टर वठवली की मला घाम फुटला.

"बाळ घास बाहेर ढकलतं गं."

"डॉक्टर म्हण."

"डॉक्टर, बाळ घास बाहेर ढकलतं. वजन वाढत नाहीये."

"हं. वाट बघू. बाहेर माणसं थांबलीत."

बाहेर फक्त कपडे वाळत होते. तरी मी उठायचो. रोज जेवण झालं की माझ्याच घरातून मला असं घालवून दिलं जात होतं.

मग तपासणीचा दिवस आला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "खातो ना नीट?"

मी अजिबात न अडखळता बोललो. "डॉक्टर, बाळ घास बाहेर ढकलतं. वजन वाढत नाहीये. भरवायचं कसं?"

फक्त, बोललो ते बायकोकडे बघून. सवय.

"हं. वाट बघू," बायको म्हणाली. तिचीही सवय. "बाहेर माणसं थांबलीत."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मी अशी बोलते?"

"नाही," बायको म्हणाली. "तुम्ही कागदात बघून बोलता."

त्यांनी पुढ्यातला कागद बाजूला सरकवला. "पण तुम्ही दर वेळी छान म्हणायचात."

"म्हणायचो खरं," मी म्हणालो.

"खायला काय आणलंय?"

पिशवीत केळं आणि चमचा होता. त्या खुर्चीतून उठल्या. त्यांना उभं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. चांगल्याच बुटक्या होत्या. साहेबांना बायकोच्या मांडीवर ताठ बसवून त्यांनी हनुवटीखाली बोट धरलं, कुस्करलेलं केळं चमच्याच्या टोकावर घेतलं, चमचा जिभेवर मधोमध हलकेच दाबून सरळ बाहेर काढला आणि थांबल्या. आम्हीही थांबलो. साहेब छताचं निरीक्षण करत थांबले.

मग गिळलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"असं काही शिकवतात, हेच कुठे माहीत होतं आम्हाला?"

डॉक्टरबाईंनी चमचा माझ्या हातात दिला. माझा पहिला घास बाहेर आला. दुसरा, बऱ्याच विचारांती, आत गेला.

"असंच," त्या म्हणाल्या. "दर घासाला."

"दर घासाला?"

"दर घासाला."

आम्ही दोघांनी केळ्याकडे पाहिलं. जवळजवळ सगळंच उरलं होतं.