आधी माणसाला साज

"श्वास घे. धरून ठेव. हं, आता सोड," नोलीनच्या छातीवर तट्टूचा नवाकोरा पट्टा आवळत आयव्हर म्हणाला.

"अहो, मी काय कवायतीला आलेय?"

"बक्कल लावताना तट्टूही पोट फुगवतं. तू तरी खरं बोल."

एक्क्याऐंशी वर्षांचा आयव्हर ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या बग्गी क्लबचा तपासनीस. नव्या साजाने गाडी जोडायची, तर आधी साज आणणारा माणूस जुंपला जायचा, मग तट्टू. क्लबच्या नियमांत असलं काही नव्हतं, पण आयव्हरने मान हलवल्याशिवाय कोणी गाडी रस्त्यावर काढत नसे.

साज नोलीनने मागवला होता, तिच्या नणंदेसाठी, कोरलसाठी. दोन वर्षांपूर्वी तळ्याकाठच्या उतारावर कोरलच्या गाडीचा पट्टा तुटला, गाडी उलटली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती आपल्या तट्टूला, टॉफीला, खरारा करी, गाजरं चारी. गाडीत मात्र पाऊल ठेवत नसे. येत्या रविवारी बेन्सडेल गावचं एक कुटुंब टॉफीला कायमचं न्यायला येणार होतं. तिनेच बोलावलेलं. भरवशाचा साज पाहून तिचं मन फिरलं तर फिरलं, एवढीच नोलीनची आशा.

शिवणी तपासून झाल्या होत्या. टॉफीने कुरणात जुना टायर तीनदा ओढून दाखवला होता, तोंडावर कंटाळा घेऊन. आता गाडी.

"वजन हवं," आयव्हर म्हणाला. "मी चढलो तर उतरवायला क्रेन लागेल. कोरल, बस तू."

"मी नाही."

"अगं, तट्टू कुठे जुंपलंय? तुझी भावजय आहे. ती काय उधळणार?"

"तिचा भरवसा तट्टूपेक्षाही कमी," कोरल म्हणाली. पण चढली. एका हातात लगाम, दुसऱ्याने कठडा घट्ट धरलेला.

दोन दांड्यांच्या मध्ये नोलीन निघाली. आयव्हरने तिच्या टोपीच्या कडा झापडांसारख्या खाली ओढल्या होत्या. मागे चाकं करकरू लागली आणि तिला चमत्कारिक वाटलं. कोणीतरी पाठलाग करतंय, आणि आपण थांबलो की तेही थांबतंय. टॉफीचे कान सारखे मागे का वळतात, ते तिला इतक्या वर्षांनी आज कळलं.

"डावीकडे," मागून आवाज आला.

ती वळली. टक्! डावीकडचा पट्टा ढिला पडला, उजव्याने तिला खेचलं, दांडी कमरेत बसली.

"हो, हो, राजा! उभा राहा!" कोरल ओरडली. नोलीन मुकाट्याने उभी राहिली.

पट्टा गाडीला जोडणारी कडी उघडली होती. अडीअडचणीला तिची दोरी ओढली की झटकन सुटावी, अशी नव्या धर्तीची कडी. आयव्हरने ती लावून हिसके दिले. जागची हलेना. सरळ चालून पाहिलं, ठीक. डावीकडे वळताच पुन्हा टक्!

"असं कसं?" नोलीन म्हणाली. "टायरला तर काही झालं नाही."

"टायरला पायरी असते का?" कोरल कठडा सोडून बाजूला पार ओणवी झाली होती. "पुन्हा वळ. हळू... तेच! वळताना दोरी पायरीच्या बोल्टात अडकते. तो बोल्टच कडी सोडतोय."

आयव्हरने गुडघे वाकवून पाहिलं आणि शीळ घातली. दोन्ही कड्या काढून त्याने जुन्या पद्धतीने पट्ट्याच्या टोकाची चीर गाडीच्या आकड्यात अडकवली, वर चामड्याची वादी बांधली.

"आता वळ," कोरल म्हणाली. डावीकडे झालं, उजवीकडे झालं. "आणखी एकदा. जरा लवकर."

"अगं, अठ्ठावन्न वर्षांची आहे मी!"

"मग टॉफीला आण. मी बसलेय तोवर आण." तिने लगाम दोन्ही हातांत घेतला. "उतारावर नाही हं जायचं. कुरणातच."

नोलीन साजासकट तट्टूकडे धावत सुटणार होती. आयव्हरने तिला धरून बक्कलं सोडवली.

"आणि बेन्सडेलच्या लोकांना काय कळवू?" त्याने विचारलं.

"कळवा," कोरल म्हणाली, "साजाची तपासणी अजून चाललीय."