वहिनींची हिरवी साडी

"साडी मी आणतो," असं म्हणून आमचे साहेब, श्रीपत अहिरे, चपला शोधू लागले, तेव्हा बमरोलीच्या त्या खोलीत जमलेले आम्ही सगळेच त्यांना अडवायला उठलो. सवाष्ण गेली की हिरवी साडी माहेराहून यायची. पण चंद्रभागावहिनींचं माहेर पार शिरपूरकडे, माणसं पोचेपर्यंत दिवस मावळला असता. बारडोलीच्या साखर कारखान्यात असलेल्या मुलाला, सुशांतला, फोन गेला होता. तोच येताना आणेल, असं कुणीतरी सुचवलं. साहेब ऐकेनात. पस्तीस वर्षं जगाच्या बायकांची लुगडी रंगवली, हिला हाताने निवडून एकही दिलं नाही, आज तरी देतो, म्हणाले.

मी सोबत निघालो तर मला खाली बसवलं. "तू बस, भिकन. वाटेत थापा मारशील."

थापा मारतो, हे खरं आहे. उधन्याच्या रंगाई मिलमध्ये मी कापड बुडवणाऱ्या यंत्रावर होतो आणि साहेब वरच्या लॅबमध्ये केमिस्ट. त्यांच्या नावावर मीच सोडलेल्या गोष्टी अजून तिकडे फिरतात. एका व्यापाऱ्याने पोपटाचं पीस टेबलावर टाकलं, हाच रंग पाहिजे म्हणाला. साहेब ते घेऊन उत्तरेच्या खिडकीशी गेले. रंग उत्तरेच्या उजेडात बघावा, दक्षिणेचा उजेड खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत असं कापड निघालं की वाळत घातल्यावर त्यावर बारा पोपट येऊन बसले, आणि उठवले तर रुसले.

आता सांगतो ती मात्र थाप नाही, आणि नेमकी तीच कुणी खरी मानत नाही. शेवटची दोन वर्षं त्या मिलच्या केमिस्ट चंद्रभागावहिनी होत्या. साहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. निळं त्यांना हिरवं दिसू लागलं होतं. हे त्यांनी मिलमध्ये कुणाला कळू दिलं नाही. डब्याच्या पिशवीत कापडाचे तुकडे घालून ते घरी न्यायचे. शाळेची पायरी न चढलेल्या वहिनी उंबऱ्यात बसून एकेक तुकडा हातात घ्यायच्या. "हाऊ मेथीना रंग शे. हाऊ कैरीना." सकाळी साहेब लॅबमध्ये येऊन लिहायचे, पिवळा एवढा वाढवा, निळा एवढा कमी करा. दोन वर्षांत एक लॉट परत आला नाही.

त्र्याण्णव साली वहिनी पुतणीच्या लग्नाला आठ दिवस शिरपूरला गेल्या. त्या आठवड्यात चार हजार मीटर माल हिरवा म्हणून निळा गेला. महिन्याभरात शाल-नारळ देऊन मालकाने साहेबांना निरोप दिला. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणाला, तर साहेब हसले. माझे डोळे घरात आहेत, म्हणाले.

त्याला तीन वर्षं झाली. घरातले डोळे आज दक्षिणेकडे पाय करून जमिनीवर निजले होते.

साहेब तासाभराने परत आले. अंगातला सदरा घामाने चिकटलेला, पण लॉट पास झाला की मिलमध्ये दिसायचा तोच चेहरा. दुकानदार दुसरीच गळ्यात मारत होता, म्हणाले. त्याला म्हटलं, रंग मला शिकवतोस? गठ्ठ्याच्या तळातून काढली ही.

शेजारच्या कलाबाईने कागद सोडला. साडी निळी होती. दौतीतल्या शाईसारखी निळी. वहिनींच्या हातात नुकत्याच भरलेल्या हिरव्या बांगड्यांशेजारी ती आणखीच निळी झाली. कलाबाईने माझ्याकडे बघितलं. सुशांत यायला अजून वेळ होता, दुसरी साडी सहज आणता आली असती. पण मग ती का आणली, हे साहेबांना सांगावं लागलं असतं.

"कसा आहे रे रंग?" त्यांनी मलाच विचारलं.

जन्मभर थापा उधळल्या. त्यातली एखादी चांगली या दिवसासाठी राखून ठेवायला हवी होती.

"हिरवा," मी म्हणालो. "कोवळ्या बाजरीसारखा. असा हिरवा मिलमध्येसुद्धा कधी निघाला नाही."

कलाबाईने पदर तोंडाला लावला आणि घडी मोडून साडी वहिनींच्या अंगावर पसरली. साहेब माझ्याकडे वळले.

"पोपट बसतील?"

"बारा," मी म्हणालो.

"मग निळी आहे."

दुसरी आणायला मी उठलो. त्यांनी माझं मनगट धरून खाली बसवलं. मग वहिनींच्या अंगावरून पदराचं टोक उचललं, चिमटीत धरलं, आणि उजेडाकडे करून उलटंपालटं बघू लागले. कितीतरी वेळ बघत होते. त्या खोलीला खिडकी एकच होती, दक्षिणेची.