भोगीचं पाणी

सुनेत्रा लग्न होऊन सांगलीहून मद्रासला आली, तेव्हा सासरी सगळे मराठीच बोलत होते. पण ते मराठी तिला कळायला वर्ष गेलं. तंजावरहून आलेलं घर. ‘अस्क’ म्हणजे सगळं, एवढं शिकेपर्यंत तिनं दोनदा दूध उतू घालवलं होतं. थोरल्या जाऊबाईंनी ‘अस्क उतरव’ म्हणून सांगितलं होतं, आणि ही भातच उतरवून बसली होती. त्या थोरल्या जाऊबाई म्हणजे धनलक्ष्मी. घरात सगळे त्यांना अक्का म्हणत.

सुनेत्रानं बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं होतं. पुढं शिकायचं होतं, पण तेव्हा मुलीला पुढं शिकवणं म्हणजे लग्न लांबवणं. इथं आल्यावर नवऱ्यानं, गिरीधरनं, तिला मुलींच्या शाळेत नोकरी करू दिली हेच पुष्कळ झालं. गिरीधर पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यात हिशेबनीस होता. तो गेला तेव्हा मूलबाळ नव्हतं. सुनेत्रा पुतण्याच्या, म्हणजे अक्कांच्या व्यंकटेशच्या, वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्येच राहिली. व्यंकटेश बँकेच्या अण्णा नगर शाखेत होता. बायको लहान वयात वारलेली. एकच मुलगी, हरिणी.

हरिणीला सुनेत्रानं शिकवलं. मुलगी तिला ‘काकीपाटी’ म्हणायची, अर्धं मराठी आणि अर्धं तमिळ (पाटी म्हणजे आजी), नि बारावीपर्यंत रोज संध्याकाळी तिच्यासमोर पाटावर बसायची. मग केमिकल इंजिनियरिंगला गेली आणि तिसऱ्या वर्षी एक दिवस घरी येऊन म्हणाली, “काकीपाटी, फ्युएल सेल म्हणजे काय माहीत आहे? एकीकडून हायड्रोजन, दुसरीकडून हवा, मधे पडदा. वीज निघते, आणि मागं राहतं काय? पाणी! धूर नाही, राख नाही.”

“हैड्रोजन म्हणजे बाँब नव्हे का ग?” स्वयंपाकघरातून अक्का.

“पाटी, तू गॅस पेटवतेस तो काय आहे मग?”

“माझा गॅस माझं ऐकतो.”

त्या दिवसापासून सुनेत्राच्या अंगात जणू विशीतलं वारं भरलं. कॉलेजच्या लायब्ररीत या विषयावर एकच पुस्तक होतं आणि ते कपाटात कुलुपात. बाहेर न्यायचं नाही. हरिणी तिथं बसून उतरवून आणायची आणि सुनेत्रा रात्री ते समजून घ्यायची. जे पुस्तकात नव्हतं, त्यासाठी दोघी आर्य गौडा रस्त्यावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये जायच्या. आजूबाजूला पोरं गेम खेळत बसलेली, आणि मधे नऊवारी सोडून सहावारीत आलेली ही पांढऱ्या केसांची बाई, परदेशातल्या कुठल्या तरी विद्यापीठाच्या धड्याचं पान उघडायची वाट बघत. निम्मं पान उघडायचं आणि वीज जायची. सेंटरवाला म्हणायचा, “मामी, तुमच्या सेलवर चालवू का आता?” सुनेत्राला तो विनोद फार आवडायचा. घरी येऊन ती तो अक्कांना दोनदा सांगायची.

कॉलेजात हा विषय शिकवायला कुणी नव्हतं. एकटे नारायणस्वामी सर तेवढे त्यातले जाणकार होते. त्यांनीच बातमी आणली. शहराच्या दक्षिणेला एक सरकारी प्रयोगशाळा होती, तिथं दोन विद्यार्थ्यांना वर्षभर काम शिकायला घेणार होते, आणि त्यांना पुढं संशोधनाची वाट मोकळी होणार होती. अट एकच. प्रत्येकानं स्वतः जुळवलेला छोटा सेल पोंगलच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी परीक्षकांपुढं चालवून दाखवायचा.

पण चौथ्या वर्षाच्या सप्टेंबरात हरिणीला सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं कॉलेजातूनच निवडलं होतं. व्यंकटेशनं त्या दिवशी साऱ्या बिल्डिंगला मैसूरपाक वाटला होता.

“बाबा, मला तिथं जायचं नाही.”

“सगळं जग तिथं जायला रांग लावून उभं आहे.”

“व्यंकटेशा,” सुनेत्रा म्हणाली, “मुलीला जे येतं आणि जे आवडतं ते एकच आहे. असं शंभरात एकाचं असतं.”

व्यंकटेश वाईट माणूस नव्हता. आई नसलेली मुलगी, तिचं भलं व्हावं, एवढंच त्याच्या डोक्यात. तो बराच वेळ पेपर घडी करत बसला. मग म्हणाला, “शरी, ठीक आहे. तुमचा सेल त्या सोमवारी चालला तर जा तिकडं. नाही चालला तर सिरुसेरी, आणि मग पुन्हा हा विषय माझ्यापुढं कुणी काढायचा नाही. तुम्हीसुद्धा, काकी.”

“कबूल,” हरिणी बापाच्या हातावर टाळी देत म्हणाली. सुनेत्रानंही मान हलवली.

सुट्टी लागायच्या आधी कॉलेजात सेल जोडून पाहिला तेव्हा एक चिमुकला पंखा गरगर फिरला. हरिणीनं तिथूनच फोन केला होता. सुनेत्राला फोनवर पंख्याचा आवाज काय येणार, पण आला असं ती म्हणाली. सेलचं सारं मोल त्या पडद्यात होतं. तळहाताएवढा, पातळ, मधोमध काळा चौकोन. सरांना परदेशातल्या एका मित्रानं दिलेला. असा दुसरा त्यांच्याकडं नव्हता. सुट्टीत लॅबला कुलूप, आणि झाडलोटवाला दिसेल ते फेकतो, म्हणून सर म्हणाले, “घरी घेऊन जा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेव. सुकू देऊ नकोस.”

हरिणीनं पडदा काचेच्या वाडग्यात आणला. कुठं ठेवायचा? हॉलमध्ये ऊन येतं, खोलीत पाली फिरतात. सुनेत्रानंच जागा सुचवली. स्वयंपाकघरात देव्हाऱ्याशेजारची फळी. थंड, स्वच्छ, आणि अक्कांच्या सोवळ्याच्या टप्प्यातली, म्हणजे कुणी हात लावणार नाही.

“अक्का, हे हरिणीच्या परीक्षेचं आहे. सांडू देऊ नका.”

“सांडीन कशी? माझ्या नातीचं आहे ते.”

भोगी आली. सांगलीला भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे घातलेली मिसळीची भाजी. सुनेत्राची आई त्या दिवशी पोरींना न्हाऊ घालायची. शिकेकाईचा वास सबंध अंगणभर. इथं भोगी म्हणजे जुनं फेकायचं, जाळायचं. पहाटे गल्लीत फाटक्या चटया, झिजलेल्या केरसुण्या पेटायच्या आणि साऱ्या मांबलमवर धूर तरंगायचा. चाळीस वर्षं झाली तरी सुनेत्राचा त्या धुरानं घसा बसायचा. त्या सकाळीही ती खिडक्या लावून आत पडून राहिली. स्वयंपाकघरात अक्कांची भांडी वाजत होती. वर्षातली सर्वांत मोठी घासणी. पिंपापासून फुलपात्रापर्यंत अस्क रिकामं करून घासायचं आणि ताज्या पाण्यानं भरायचं.

पोंगल झाला, काणुम पोंगल झाला. सोमवारी सकाळी हरिणीनं वाडगा उचलला, झाकण लावलं आणि दोघी रिक्षानं निघाल्या. अक्कांनी दारात दही-साखर दिली. व्यंकटेशनं बँकेत जाता जाता मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, “नीट कर. हरलीस तरी माझी पोर आहेस.”

तिथं बारा-पंधरा पोरं आली होती, आणि त्यांत मुली तीन. हरिणीनं सेल जुळवला, नळ्या लावल्या. मीटरचा काटा वर चढला आणि सुनेत्राचा जीव भांड्यात पडला. मग पंखा जोडला. पातं एकदा थरथरलं आणि थांबलं. काटा खाली कोसळला. हरिणीनं स्क्रू आवळले, नळ्या बदलल्या. तिच्या ओठांवर घाम आला होता. परीक्षकांतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, “घाई नको, आणखी एकदा बघ.” आणखी एकदा बघितलं. पातं हललंसुद्धा नाही.

नारायणस्वामी सर मागं उभे होते. सेल उघडल्यावर त्यांनी वाडग्यात उरलेल्या पाण्यात पाणी तपासायची पट्टी बुडवली आणि तिच्याकडं बघत राहिले.

“हे डिस्टिल्ड वॉटर नाही, अम्मा. यात क्षार आहेत, तांबंसुद्धा आहे. पडद्यानं ते सगळं शोषून घेतलंय. हायड्रोजनला आता आत वाट नाही.”

“आम्लात उकळून धुतला तर?” सुनेत्रानं विचारलं.

“तर पुन्हा जागा होईल. उद्या, परवा.” सरांनी परीक्षकांच्या टेबलाकडं पाहिलं. तिथं पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.

तांबं म्हटल्याबरोबर सुनेत्राला देव्हाऱ्यातला तांब्याचा कलश आठवला आणि सगळं दिसलं. त्या घरात रात्रीचं पाणी सकाळी कधी ठेवलं गेलं नव्हतं. पिंपातलं नाही, तांब्यातलं नाही, फुलदाणीतलंसुद्धा नाही. शिळं पाणी म्हणजे अक्कांना शिळ्या अन्नाहून वाईट. हे तिला चाळीस वर्षं ठाऊक होतं. आणि तिनंच वाडगा त्या फळीवर ठेवायला सांगितला होता. मुलींना आयुष्यभर आयन शिकवणाऱ्या बाईनं.

घरी आल्या तेव्हा व्यंकटेश लवकर आला होता. दोघींच्या तोंडाकडं बघूनच तो समजला. “असू दे ग,” तो मुलीला म्हणाला, “तू केलंस तेवढं पुष्कळ.”

“तिचं काही चुकलेलं नाही,” सुनेत्रा म्हणाली. “अक्का, तुम्ही त्या वाडग्यातलं पाणी बदललंत?”

“बदललं की. रोज.” अक्का खुशीत होत्या. “भोगीच्या दिवशी तर वाडगा घासून, देवाच्या कलशातलं घातलं. वर तुळशीचं पान ठेवून मग काढून घेतलं. लेकराच्या परीक्षेचं म्हणालीस ना? तसंच शिळ्या पाण्यात कसं ठेवायचं?”

मग सुनेत्रानं सांगितलं. जसं शाळेत सांगायची तसं, क्रमानं. ते पाणी कसलं होतं, तांब्यातलं पाणी काय करतं, पडदा का बंद पडला. सांगताना तिला कळत होतं की अक्कांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत चाललंय, तरी ती थांबली नाही. थांबता आलं नाही. शेवटी व्यंकटेशकडं वळून ती म्हणाली, “म्हणजे मुलगी हरली नाही. हा करार धरता येत नाही. सरांना सांगू, पुढच्या वर्षी पुन्हा घेणार आहेत, तोवर...”

“मी माझ्या नातीचं वाटोळं केलं?” अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या. “देवाचं पाणी घालून?”

व्यंकटेश उठला. आईजवळ जाऊन उभा राहिला आणि पहिल्यांदाच काकीशी आवाज चढवून बोलला.

“देवाच्या पाण्यानं बंद पडणारं शिक्षण आपल्या घरात नको, काकी. ही खूण समजा. टाळी दिली होती ना तिनं?”

बुडत्याला काडी मिळावी तशा अक्का त्या शब्दाला बिलगल्या. “खूणच ती,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “त्याच्या मनात नव्हतं ग. नाहीतर मला बुद्धी झाली असती का?” आणि दुसऱ्या दिवसापासून त्या शेजारीपाजारी हीच गोष्ट सांगू लागल्या. देवानं मुलीला कसं वेळेवर अडवलं, नि आता ती सिरुसेरीला कशी जाणार. चार घरं सांगून झाल्यावर त्यांना स्वतःलाही ती खरी वाटू लागली.

“तू बोल ना,” त्या रात्री सुनेत्रा हरिणीला म्हणाली. “तुझं तोंड का शिवलंय?”

“काय बोलू? पाटीला रडवू? बाबांपुढं टाळी नाकारू? काकीपाटी, तुम्ही सगळं खरं सांगितलंत. खरं सांगून काय झालं?”

जूनमध्ये हरिणी नोकरीला लागली. पहाटे कंपनीची पांढरी बस अशोक नगरच्या कोपऱ्यावर यायची आणि रात्री तिथंच सोडायची. नारायणस्वामी सरांचा एकदा फोन आला. प्रयोगशाळेनं पुन्हा अर्ज मागवले होते. आयआयटीतही त्या विषयावर आठवड्याभराची कार्यशाळा होती, आणि आता धड्यांच्या सीडी मिळत होत्या, घरबसल्या बघायला. सुनेत्रानं जाऊन सीडी आणल्या. हरिणीच्या उशाशी ठेवल्या. चार दिवसांनी त्या तशाच, वर ओढणी पडलेली.

ऑगस्टात कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलावलं. अक्का कांजीवरम नेसल्या. सिरुसेरीला काचेच्या इमारती, हिरवळ, आत एसी असा की अक्कांनी पदर दोन्ही खांद्यांवर घेतला. “अय्यो, केवढं हे! हे अस्क तुमचंच?”

“माझी खुर्ची तेवढी माझी, पाटी.”

“आणि काम काय करतेस ग?”

“दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते.”

“म्हणजे मास्तरीणच की!” अक्का सुनेत्राकडं वळून म्हणाल्या. “बघ, तुझंच काम करते. तुला आणखी काय पाहिजे?”

सुनेत्रानं हरिणीला जरा बाजूला घेतलं. “सरांनी विचारलंय. अजून दहा दिवस आहेत अर्जाला. मी व्यंकटेशशी बोलते.”

हरिणीनं गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. आवाज मऊच होता.

“काकीपाटी, तुम्हाला जायचं होतं ना? तुमच्या वेळी? तुम्हाला नाही जाता आलं. मलाही नाही. आता एवढं करा, माझ्यासमोर पुन्हा पुन्हा ते दार उघडून दाखवू नका. मी रोज सकाळी पाचला उठते. मला यातून उभं राहायचंय.”

“अग, पण तुला येत होतं...”

“म्हणूनच.”

फोटोग्राफरनं हाक मारली. व्यंकटेशनं आईला मधे उभं केलं आणि हरिणी आजीच्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली. “मामी, तुम्हीही या,” कुणीतरी सुनेत्राला म्हणालं. ती कडेला जाऊन उभी राहिली.

“स्माइल प्लीज!”

हरिणी हसली. सराईत, नीटनेटकं, कामावर शिकवलेलं हसू. सुनेत्रानं ते याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि या मुलीला पाटावर बसवून वाढवलेल्या बाईला त्या क्षणी कळलं की यापुढं तिला तेच बघायचं आहे.