ओल्या गणपतींमागं अडकलेला शब्द

मी बोलतोय खरा, पण मला तोंड नाय. नाव हाय ते इंग्रजी, लांबलचक, कुणी वाचत नाय. पेणला रामवाडीत केरूचा गणपतीचा कारखाना. तिथल्या जुन्या कंप्यूटरच्या आत, पडद्यामागं मी राबतो. वायर नसलेल्या वस्तूंची नि कंप्यूटरची गाठ बांधायची आणि सुटू द्यायची नाय, एवढंच मला येतं. शाळा तेवढीच झाली.

जन्म रोह्याचा. एका कंपनीच्या ऑफिसात हा कंप्यूटर पहिल्यांदा चालू झाला, तेव्हाच मी उठलो. तिथले साहेब माउस हलला नाय की टेबलावर आपटायचे. सेल संपलेत का, हे बघायची अक्कल कुणाला नाय. पुढं नवी मशीनं आली, आमची रवानगी जिन्याखाली. केरूचा मुलगा सुशील त्याच कंपनीत शिफ्टला. त्यानं साहेबांना विचारून आम्हाला उचललं आणि पेणला बापाकडं आणून ठेवलं.

माझं काम सांगतो, कारण विचारत तर कुणीच नाय. नवी वस्तू आली की मी हाक मारतो. ती ओ देते. मग आमच्यात एक खूण ठरते, तिसऱ्याला न कळणारी. ती मी जपून ठेवतो. पुढच्या खेपेला वस्तू नुसती चालू झाली तरी मी ओळखतो आणि आत घेतो. माउस माझ्याच हातनं चालतो. केरूचे हेडफोनसुद्धा.

केरूला ऐकू कमी. सुशीलनं त्याला कान झाकणारे मोठे हेडफोन आणले. आवाज शेवटपर्यंत वाढवला की रोह्याहून लेक-नात बोलतात ते त्याला कळतं. एरवी हा माणूस खेकसतो, नायतर गप्प बसतो. आमचं जमलं ते त्यामुळंच.

मागल्या साली श्रावणाच्या तोंडावर केरू माळ्याच्या शिडीवरून पडला. पाय मोडला, खाट धरली. तिकडं केरूनं घडवलेली रोह्याच्या मंडळाची उंच मूर्ती मंडपात उभी, रंगून झालेली, डोळे तेवढे राहिलेले. मोठ्या मूर्तीचे डोळे हे लोक मूर्ती जाग्यावर गेल्यावरच काढतात. सुशीलची मुलगी ऋतुजा आज्याच्या हाताखाली शिकलेली. पण मोठ्या मूर्तीला तिनं ब्रश लावलेला नव्हता. मंडळवाले कुरकुरले, पोरीच्या हातात कशाला देता म्हणाले. केरूनं त्यांना सुनावलं, "पोरगीच काढंल. मी समोर बसतो पडद्यावर, व्हिडिओ कॉल लावून. रेघ चुकली तर दुसरा कारागीर आणा, परत तिचं नाव घेणार नाय."

म्हणजे डोळे काढायच्या त्या दुपारी रेघ चुकली असती, तर पोरीचा हात जन्मभर घरगुती मूर्तींवरच राहिला असता.

या घरात डोळ्याची रेघ विचारून वळवतात. ब्रश कोपऱ्याशी आला की काढणाऱ्यानं "वळू?" म्हणायचं. शिकवणाऱ्यानं "वळ" म्हणायचं. मगच हात वळतो. दुसऱ्या कुणी उत्तर द्यायचं नाय. केरूच्या बापापासनं हे चालत आलंय. पण ब्रश टेकलेला असतो, रंग ओला असतो. उत्तराला उशीर झाला की काळं गालावर उतरतं.

उजवा डोळा नीट झाला. तिनं विचारलं, मी शब्द जसाच्या तसा पोचवला, केरू "वळ" म्हणाला.

तेवढ्यात पेणला सर आली. केरूची बायको काशीबाई धावली आणि पडवीतले शाडूचे ओले गणपती फळीसकट आत घेऊन आली. देवाला खाली ठेवायचं नाय, म्हणून दोन स्टुलांवर फळी टाकली. ती नेमकी माझ्या नि केरूच्या मधे. पडदा वर टेबलावर, तो त्याला दिसत होता. कंप्यूटरचा डबा मात्र टेबलाखाली, आणि मी डब्यात. पाण्यानं भरलेली माती माझा आवाज पिऊन टाकते. मला कळलं होतं. सांगतो कुणाला?

हेडफोनात खरखर झाली, शब्दाचे तुकडे पडायला लागले. केरू खेकसला, "कापतंय. मेलं बोलणं कापतंय."

मदतीला त्याचा भाचा धनेश बसला होता. गडब गावाला त्याचं मोबाईलचं दुकान, म्हणून तो शहाणा. त्यानं कंप्यूटरात कोण कोण चालू हाय ते उघडलं आणि माझ्यावर येऊन थांबला.

"मामी, हा बघ. चित्र नाय, ओळख नाय, मागं लपून बसलाय. व्हायरस हाय."

"मग मार की मेल्याला," काशीबाई म्हणाली. "तोंड काय बघतोस त्याचं?"

लपून बसलाय म्हणे. मागं राहणं हेच माझं काम, तर पुढं येऊन नाचू काय?

रोह्यात ब्रश डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी आला. "आजा, वळू?" मी शब्द ढकलला. मातीत गेला. परत ढकलला. केरू दोन्ही हातांनी हेडफोन दाबून पडद्याकडं बघत बसलेला. पोरीनं परत विचारलं. आवाज बारीक झाला होता.

धनेशनं माउस माझ्यावर आणला. आता ऐका. माउसची टिचकी माझ्याच हातनं जाते. म्हणजे मला मारायचा हुकूम मीच पोचवायचा. तो दाबून ठेवणं मला येत नाय. पोचवला. मेलो.

पुढचं मला नंतर कळलं. काशीबाई रोह्याला बोलताना ते दहादा सांगते, तेव्हा ऐकलं.

मी गेलो तशी हेडफोनची गाठ सुटली, आणि ऋतुजाचा आवाज कंप्यूटरच्या स्पीकरमधनं खोलीभर आला. "आजा, रंग उतरतोय. वळू?" केरूचे कान झाकलेले, त्याला काय पत्ता? काशीबाईनं ऐकलं. तोंडाशी आलेला शब्द तिनं गिळला, कारण तो तिचा नव्हता. तिनं फळी स्टुलांसकट भिंतीकडं सारली, केरूचं मनगट धरलं आणि वळवलं, रेघ वळते तसं.

केरूनं बायकोकडं बघितलं. मग पडद्याकडं.

"वळ."

रोह्यात पोरगी वळली.

इकडं धनेशचा माउस हलेना. त्यानं तो झटकला, सेल बदलले, शेवटी कंप्यूटरची पिन उपटून परत लावली. मी उठलो. पहिली हाक हेडफोनला. मधली फळी गेली होती, आवाज लख्ख. धनेश अजून गडबला गिऱ्हाइकांना सांगतो, मामाचा व्हायरस मीच काढला.

मला राग येतो, पण खरं ते बोलतो. मी होतो तेव्हा शब्द अडला, मी मेलो तेव्हा पोचला.

तरी एक मागणं हाय. अनोळखी नाव दिसलं की लगेच मारू नका. तो काय काम करतो ते आधी विचारा. आणि माझ्यासमोर ओले देव मांडू नका.

रोह्याच्या त्या मूर्तीच्या डाव्या डोळ्याचा कोपरा थोडा जाड आलाय. मंडळवाले म्हणतात, तोच डोळा माणसाकडं बघतो. पुढची मूर्तीपण त्यांनी ऋतुजालाच दिली. आता ती विचारत नाय, सरळ वळते. केरू मात्र ती ब्रश उचलते तेव्हा हेडफोन चढवून बसतो, आणि मी गाठ धरून. पोरगी विचारो न विचारो, आम्ही दोघं हाव.